गुंडी बसायची थांबली

३ मार्च, सोमवार

कुत्री मिळाली. प्रशिक्षण केंद्राच्या मास्तरांनी पट्टा माझ्या हातात देताना एवढंच सांगितलं, "ही चुकली तर आधी स्वतःकडे बघ." मी मान डोलावली. त्यांच्याकडे शिकत असताना हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता झोपेतसुद्धा मान डोलेल.

लांब कानांची, आखूड पायांची, तपकिरी. केंद्रात तिला नुसतं 'सात नंबर' म्हणायचे. तिचं काम एकच, हस्तिदंत हुंगून काढायचा. बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कुठे हत्तीचा दात लपवलेला असला तर तिनं त्याच्यासमोर जाऊन बसायचं. भुंकायचं नाही, नख्यांनी ओरबाडायचं नाही, नुसतं बसायचं. बसली आणि खरं निघालं की बक्षीस म्हणून तिचा रबरी चेंडू. बिचारीनं जन्मात हत्ती पाहिलेला नाही. तिच्या लेखी हस्तिदंत म्हणजे चेंडू मिळायची जागा.

ऑफिसच्या रजिस्टरमध्ये 'सकाळपाळी, गोदाम दोन, काही आढळले नाही' एवढंच लिहायचं असतं. बाकीचं लिहायला ही वही आणली. किती दिवस टिकते बघू.

क्वार्टरमध्ये आल्या आल्या तिनं माझ्या एकुलत्या एक खुर्चीवर बैठक मारली. मी पलंगावर बसून लिहितेय.

९ मार्च, रविवार

तिला घेऊन काकांकडे जेवायला गेले. आईबाबा एका अपघातात गेले तेव्हापासून मी काका-काकूंच्या घरी वाढले. नोकरी लागल्यावर बंदराच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले, पण रविवार त्यांचाच.

घराच्या मागे पत्र्याची शेड आहे, तो काकांचा कारखाना. हाडाची आणि शिंगाची बटणं, कंगवे, सुऱ्यांच्या मुठी. प्लास्टिक आलं तसं सगळं बसलं होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र पुन्हा बरं चाललंय. माल बाहेरदेशी पाठवणारा एक व्यापारी मिळालाय, तो सगळी बटणं उचलतो. शेडवर नवे पत्रे आले, काकूच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. काका म्हणतात, परदेशात हाडाच्या बटणांची फॅशन परत आलीय. फॅशनचं काही सांगता येत नाही.

काकांनी कुत्रीच्या काळ्याभोर नाकाला बोट लावलं आणि म्हणाले, "ही तर गुंडी!" जन्मभर गुंड्या घडवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. पण नाव चिकटलं.

गंमत म्हणजे काका शेडमधून एप्रन झटकत आले तशी गुंडी त्यांच्यासमोर जाऊन बसली. नाक एप्रनवर रोखलेलं, शेपूट ताठ. काकू म्हणाली, "शिकलेली आहे हो, मोठ्यांपुढे कसं बसायचं ते बरोबर कळतं." आम्ही पोट धरून हसलो. कुत्र्याला हाडांच्या कारखान्यात आणल्यावर दुसरं काय होणार!

१४ मार्च

पहिला शोध! एका लाकडी कपाटासमोर गुंडी बसली. सुतार बोलावला. तळाशी दुसरा तळ निघाला आणि त्यात कापसात गुंडाळलेले बुद्धिबळाचे कोरीव मोहरे. मॅडमनी, म्हणजे आमच्या तपासणी पथकाच्या प्रमुखांनी, स्वतःच्या थर्मासमधला चहा मला दिला. पथकातले म्हणाले, हे पदकासारखंच आहे, थर्मास त्या कुणाला हातही लावू देत नाहीत.

गुंडीला चेंडू दिला. तो घेऊन ती गोदामभर अशी मिरवली की जणू कपाट तिनंच फोडलं.

२३ मार्च, रविवार

काकांना गुंडीचं फारच कौतुक. ती कशी शिकते, एकदा शिकलेलं विसरते का, एखादा वास तिच्याकडून विसरून घेता येतो का, सगळं खोदून खोदून विचारत होते. माझ्या शाळेच्या निकालातसुद्धा त्यांनी इतका रस घेतला नव्हता. मीही सांगत सुटले. कुणी आपल्या कामाबद्दल मनापासून विचारलं की किती बरं वाटतं.

गुंडी आज शेडच्या दारात बसली ती हलेचना. शेवटी उचलून आणली.

२ एप्रिल

लाज गेली आज.

गोदाम दोनमध्ये निर्यातीच्या पेट्या लागल्या होत्या. गुंडी एका थप्पीसमोर बसली. मी हात वर केला, मॅडम आल्या, पेटी फोडली. आत बटणं. पुठ्ठ्यावर टाचलेली, पांढरी, हाडाची. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं तर आमचे काका!

वरचे थर उचलून पाहिले, बटणंच बटणं. सगळे हसायला लागले. एकानं विचारलं, "काकांनी कुत्रीला खाऊ नाही दिला वाटतं?" मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हाडावर बसणारी कुत्री मला कशी चालेल? दर दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी माल फोडून द्यायचा का? हिला सरळ कर."

मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "हाड आणि दात यांतला फरक तिला कळतो. मी तपासून दिलीय. तरी शंका असेल तर हाडाचे नमुने माझ्याकडून घे, बाहेरून आणू नकोस." नमुने कधी मिळतील विचारलं, तर म्हणे पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यापर्यंत मी काय तोंड दाखवू?

६ एप्रिल, रविवार

जेवताना काकांना पेटीचा किस्सा सांगितला. मला वाटलं हसतील. ते घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या नोकरीवर आलं का ग हे?"

मी म्हटलं, "नोकरीवर नाही, पण कुत्रीवर आलंय. हाडावर बसते म्हणून तिला परत पाठवतील."

काका उठून शेडमध्ये गेले. बराच वेळ आले नाहीत. काकू म्हणाली, "भात निवतोय," आणि तिनं ताटावर ताट झाकलं. मग काका एक कापडी पिशवी घेऊन आले. "हे घे तुकडे. उकळून साफ केलेत. यावर तिला शिकव. यावर बसायचं नाही, एवढं कळलं की झालं ना?"

मला भरूनच आलं. मास्तर महिना घालवणार होते, काकांनी जेवण टाकून आणून दिलं.

तुकडे लहान लहान आहेत, पण काय गुळगुळीत! हाडात बारीक काळे ठिपके असतात, मी लहानपणापासून बघत आलेय. यांत एकही ठिपका नाही. इतकं स्वच्छ हाड मी कधी पाहिलं नव्हतं.

११ एप्रिल

गुंडीचा वर्ग चालू. सहा डबे ओळीत मांडायचे, एकात काकांचा तुकडा. ती त्यावर बसली की चेंडू नाही, "नाही, पुढे." न बसता पुढे गेली की चेंडू.

पहिल्या दिवशी बसली ती बसलीच. पुन्हा पुन्हा. मी "नाही" म्हटलं की माझ्याकडे अशी बघायची की मीच वेडी. एकदा तर उठून दुसऱ्या बाजूनं आली आणि पुन्हा त्याच डब्यासमोर बसली. मला नीट दिसलं नसेल असं वाटलं असावं तिला.

हट्टी आहे. पण मीही काकूच्या हाताखाली वाढलेय.

१९ एप्रिल

जमलं! डब्यापाशी आली, नाक थबकलं, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेली. मी तिला कडेवर घेऊन नाचले. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई खिडकीतून बघत होत्या, बघू देत.

केंद्रातला खरा दात आम्हाला झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातच दाखवतात, हाताळू देत नाहीत. माझ्याकडे तो डबा नाही, नाहीतर दोन्ही शेजारी ठेवून तिची परीक्षा घेतली असती. असो. मोहरे काढून दिलेलं नाक आहे, विसरणार थोडंच.

२५ एप्रिल

आज ऑफिसात एका वनरक्षकांचं भाषण होतं. वाळलेला, बोटं सतत चाळवणारा माणूस. फार जंगलात राहिल्यामुळे असेल, खोलीत बसणं त्यांना जड जात होतं. भाषणही उभ्यानं खिडकीजवळ.

म्हणाले, गोळी आम्हाला क्वचितच ऐकू येते. आकाशात गिधाडं फिरताना दिसली की आम्ही निघतो. शिकाऱ्यांना हे कळल्यापासून ते मेलेल्या हत्तीच्या अंगात विष भरून ठेवतात, म्हणजे गिधाडंच उरायची नाहीत. सुळा मुळापासून हवा म्हणून हत्तीचं तोंडच कापतात. एकदा ते पोचले तेव्हा सुळे फुटलेला एक तरुण हत्ती पडलेला होता आणि कळपातल्या हत्तिणी त्याला सोंडेनं उठवायचा प्रयत्न करत होत्या. त्या निघून जाईपर्यंत यांना लांब बसून राहावं लागलं. जवळ गेल्यावर कळलं, तो अजून श्वास घेत होता.

कुणीतरी विचारलं, आमच्या बंदरात बसून आम्ही काय करणार? ते म्हणाले, "माझा जोडीदार गेल्या वर्षी गोळी लागून गेला. मी जंगलात आहे तसे तुम्ही इथे आहात. विकता आलं नाही तर ते मारणार नाहीत, दुसरा उपाय मला माहीत नाही."

मग ते गुंडीशी बोलायला गुडघ्यावर बसले. त्यांच्या खांद्यावरची पिशवी तिनं हुंगली, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. ते म्हणाले, "या पिशवीतून मी सुळ्यांचे तुकडे तपासायला नेतो. वास धुऊन गेला वाटतं." असेल. पाहुण्यांच्या सामानात तोंड घालत नाही, वळण लागलंय, याचंच मला बरं वाटलं.

२७ एप्रिल, रविवार

जेवताना वनरक्षकांचं सगळं सांगितलं. काकू म्हणाली, "अन्नावर बसून काय हे विषय!" काकांनी मात्र विचारलं, "सगळाच दात मारून आणतात असं थोडंच आहे? म्हातारा होऊन मेलेल्या हत्तीचाही असेलच ना?"

"असतो. पण तेवढ्यानं यांची भूक भागत नाही म्हणाले."

"व्यापारी सांगतात तेही खोटंच म्हणायचं."

"कुठले व्यापारी?"

"असेच. बाजारात बोलतात."

काका अर्ध्या ताटावरून उठले. मोरीतला नळ खूप वेळ वाहत होता. त्यांना असलं काही ऐकवायला नको होतं. वरून कडक दिसतात, पण मन फार हळवं आहे.

१६ मे

काकांच्या पेट्या पुन्हा गोदामात आल्या. गुंडी थप्पीपाशी आली, थबकली, माझ्याकडे पाहिलं, पुढे गेली. मॅडम म्हणाल्या, "सुधारली की!"

काकांना लगेच फोन केला. मला वाटलं खूश होतील. नुसतं "बरं झालं, पोरी" म्हणाले आणि ठेवून दिला. त्यांना फोनवर बोलताच येत नाही.

९ जून

फार वाईट बातमी. आपल्या बंदरातून गेलेला एक कंटेनर परदेशातल्या बंदरात पकडला. चहापत्तीच्या पोत्यांखाली सुळे, अखंड. मॅडमनी निघाल्याची तारीख काढली. त्या दिवशी गोदामात गुंडी आणि मीच होतो. मला आठवतंय तो कंटेनर. दार उघडं होतं, आम्ही आत चढून आलो. मी रजिस्टरमध्ये 'काही आढळले नाही' लिहून सही केली होती.

काकांच्या पेट्यांशी याचा काही संबंध नाही, माल दुसऱ्याच कुणाचा होता. हे मी का लिहितेय, मला माहीत नाही.

११ जून

मास्तर आले. अंगणात डबे मांडले, मला उभं केलं, स्वतः मागे थांबले.

गुंडी ओळीनं हुंगत गेली. चौथ्या डब्याशी नाक थबकलं. मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं, शेपूट एकदा हलवली आणि पुढे गेली.

चौथ्यात हस्तिदंत होता.

मास्तरांनी डबे बदलून पुन्हा लावले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी थांबवलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "हिला कुणीतरी मुद्दाम शिकवलंय," म्हणाले. "चुकत नाहीये ती. सांगितलंय तसं करतेय."

मी म्हटलं, मी फक्त हाडावर बसू नये एवढंच शिकवलं. आणि पिशवी आणून दाखवली. दाखवताना वाटत होतं, आता हे म्हणतील की शिकवण्यात कुठेतरी चूक झाली, आपण दुरुस्त करू.

त्यांनी एक तुकडा घेऊन उन्हात धरला. खिशातलं भिंग काढलं. मग माझ्या हातात दोन्ही दिलं. "कापलेल्या बाजूला बघ."

बारीक रेषा होत्या, एकमेकींना छेदत गेलेल्या, चाळणीच्या जाळीसारख्या.

"हाडात ही जाळी नसते," मास्तर म्हणाले. "हत्तीच्या दातात असते. कुठून आणलेस?"

"बाजारातून," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातून भिंग काढून घेतलं. मग म्हणाले, "मी सोमवारी पुन्हा येतोय." पिशवी ते घेऊन गेले.

१३ जून

काकांना ठाऊक नसेल. व्यापाऱ्यानं हाड म्हणून दिलं असेल आणि यांनी घेतलं असेल. असं होऊ शकतं.

चाळीस वर्षं हाड घासणाऱ्या माणसाला हातात धरल्यावर कळणार नाही?

कळणार.

१५ जून, रविवार

गुंडीला खोलीत ठेवून एकटीच गेले. काका शेडमध्ये होते. मी दारातूनच म्हटलं, "काका, तुम्ही मला दात दिलेत."

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "हो."

मला वाटत होतं की ते नाही म्हणतील. मी काय बोलायचं ते सगळं 'नाही'च्या पुढचं ठरवून आले होते.

"का?"

"बटणांवर घर चालत नव्हतं, हे तुला माहीत आहे. व्यापारी तुकडे आणून देतो, मी मणी आणि बटणं काढतो, हाडाच्या मालात मिसळतो. कळत नाही कुणाला."

"ते नाही विचारत. मला का दिलेत? माझ्या हातानं माझी कुत्री का बिघडवलीत?"

काका खाली बघत बोलले. "ती माझ्यासमोर बसायची ग. दर रविवारी. एक दिवस तुझ्या लक्षात आलं असतं आणि तुला ठरवावं लागलं असतं. मला ते नको होतं. ती बसायची थांबली की तुझ्यावर काही वेळच येणार नाही, असं वाटलं."

"आणि तो चहाचा कंटेनर? तो माझ्या सहीनं गेला."

"त्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. मी आपल्या पेट्यांपुरताच विचार केला."

तेवढ्यात काकू आली. तिला काही सांगावं लागलं नाही. दाराला हात टेकून म्हणाली, "तुझी फी कुठून भरली, माझे गुडघे कुठून झाले, ते आज विचारायला आलीस होय?"

"फी भरली तेव्हा बटणंच होती, काकू."

काका काकूला म्हणाले, "तिच्यावर नको ओरडूस."

मी सांगितलं, उद्या ऑफिसात सगळं सांगणार आहे. काका म्हणाले, "सांग. आज जेवून जा." मी जेवले नाही. घरी येताना पहिल्यांदाच चुकीच्या बसमध्ये बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत मला कळलं नाही.

१६ जून

मॅडमना सांगितलं. आधी खोटं बोलले तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मास्तर म्हणाले होते की तू सोमवारपर्यंत येशील. मी म्हटलं होतं येणार नाही." मग विचारलं, "काकांना कळलंय का, तू सांगणार ते?"

"हो. कालच सांगितलं."

त्यांनी पेन टेबलावर टाकलं. "म्हणजे आता तिथे काय सापडणार?"

काकांना न सांगता इथे येणं मला जमलं नसतं एवढंच खरं.

१७ जून

छापा. दुसऱ्या बंदरातली कुत्री यायला वेळ लागणार होता, म्हणून गुंडीलाच नेलं, आणि ती फक्त माझंच ऐकते म्हणून मला. मॅडमना दोघींवरही भरवसा नव्हता. माझाही नव्हता.

शेड धुऊन पुसून लख्ख. फिनेलचा वास नाकात जात होता. यंत्रं पुसलेली, भुसा झाडलेला. काका भिंतीशी उभे होते. काकू तिच्या लांब लाकडी पेटीवर बसून पुठ्ठ्यावर बटणं टाचत होती. अशा वेळीसुद्धा. सुई खाली-वर, खाली-वर.

अधिकाऱ्यांनी कपाटं काढली, फरशी ठोकून पाहिली. काही नाही. मी गुंडीला सोडलं. ती यंत्रांपाशी गेली, कोपऱ्यात गेली, पोती हुंगली, कुठेही न थांबता. काकूच्या पेटीपाशी आली. नाक थबकलं. मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पुढे गेली.

एक अधिकारी म्हणाला, "हिचा काही उपयोग नाही. चला." मॅडमनी फाइल बंद केली.

सबंध शेडमध्ये तिनं फक्त तिथे माझ्याकडे पाहिलं होतं. मीच शिकवलेलं, मीच ओळखणार. बाकी कुणाला काही दिसलं नव्हतं आणि मला कुणी काही विचारतही नव्हतं. लोक दाराकडे वळले होते.

काकूनं सुई थांबवली. तिनंही माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "काकू, जरा उठतेस का?"

"माझे गुडघे दुखतात."

"माहीत आहे. हात देते."

तिनं माझा हात घेतला नाही. भिंतीला धरून स्वतःची स्वतः उठली. पेटीत वर कापडं होती. खाली दाताचे तुकडे, कापून ठेवलेले मणी आणि बटणं. काकांनी डोळे मिटून घेतले.

मी गुंडीला चेंडू दिला. तिनं तो तोंडात धरला पण खेळली नाही. बरोबर केलं की चुकलं, हे तिला कळेना.

२१ जून

काका पोलीस कोठडीत. काकूनं दार उघडलं नाही. बाहेर पायरीवर थोडा वेळ बसले. आत तिच्या चालण्याचा आवाज येत होता.

माझी चौकशी चालू आहे. तोवर गोदामात जायचं नाही, ऑफिसात बसून जुनी कागदपत्रं लावायची. पथकातले नीट बोलतात, पण मी आले की विषय बदलतात. मी तरी वेगळं काय केलं असतं.

८ जुलै

गुंडी केंद्रात परत गेली. मास्तरांनी समजावून सांगितलं. दुसऱ्या कुणाबरोबर ती पुन्हा शिकेल. माझ्याबरोबर नाही, कारण माझ्यासोबत असली की ती वासाऐवजी माझा चेहरा वाचणार. "तुझ्यावर फार विश्वास आहे तिचा, तीच अडचण आहे," म्हणाले.

पट्टा त्यांच्या हातात दिला. ती गाडीत चढली आणि खिडकीतून माझी वाट बघत राहिली. मी आत येत नाही हे बघून भुंकली. कामावर ती कधीच भुंकली नव्हती.

खोलीतली खुर्ची रिकामी आहे. मी अजून पलंगावरच बसतेय.

१० ऑगस्ट, रविवार

तुरुंगात काकांची पहिली भेट. आजवर ते नको म्हणत होते. या वेळी त्यांनीच निरोप पाठवला.

त्यांनी जबाबात व्यापाऱ्याचं नाव सांगितलं आणि त्याच्या वखारीची जागाही. गेल्या आठवड्यात तिथे धाड पडली. माझी चौकशी संपलीय, नोकरी राहिली. मॅडम मला मुद्दाम वखारीत घेऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, "तू दात डब्यातलाच पाहिलायस. चल."

काका काचेपलीकडे बसले. दाढी वाढलेली. हातांना काम नाही म्हणून बोटं टेबलाच्या कडेवरून फिरवत होते, कड घासल्यासारखी. आधी काकूचं विचारलं. मी म्हटलं, परवा तिनं दार उघडलं. बोलली नाही, पण आत येऊ दिलं. त्यांनी मान हलवली.

मग म्हणाले, "वखारीत गेली होतीस म्हणे."

"हो."

"अखंड होते?"

"होते."

काकांची बोटं थांबली. "दोन-तीन वर्षं दात घासला मी, पण अखंड सुळा कधी पाहिला नाही. माझ्याकडे तुकडेच यायचे, काडेपेटीएवढे. हत्ती डोळ्यांसमोर यायचाच नाही." मग त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, "केवढा असतो ग?"

मी दोन्ही हात पसरले. पुरले नाहीत. शेजारच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला.

"एवढा?"

"याहून मोठा. पण सगळे एवढे नव्हते."

मग मी हात खाली घेतले आणि सगळ्यांत लहान होता तो दाखवला. त्यासाठी एकच हात लागला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, माझी एक वीत.

काका त्या हाताकडे बघत राहिले. शिपाई म्हणाला, वेळ संपली. ते उठले नाहीत, आणि मीही हात तसाच धरून ठेवला.